चिपळूणचं फिंचचं दुकान: गोल्डियन हवी असेल तर दिवाळीनंतर जा

गोल्डियन फिंच, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो चिमणीएवढा रंगीबेरंगी पक्षी, घ्यायच्या मनात असेल आणि त्यासाठी मुंबईला क्रॉफर्ड मार्केट गाठायची इच्छा नसेल, तर चिपळूणच्या बाजारपेठेतल्या या दुकानात जायला हरकत नाही. फक्त जून ते सप्टेंबर जाऊ नका. गेलात तरी मालक जोडी देणार नाही. मी भर जुलैत गेले होते. गुहागरहून एसटीने, ओली छत्री सांभाळत. पिंजऱ्यातली लाल डोक्याची जोडी बोटाने दाखवली, पैसे काढायला पाकीट उघडलं, तर हा म्हणतो, "मावशी, पाकीट ठेवा आत. दिवाळी होऊन जाऊ द्या. आत्ता नेलीत तर पक्षी मरेल आणि वर्षभर तुम्ही मला शिव्या घालाल."

पोस्टाच्या काउंटरवर नोकरी झाली माझी. गिऱ्हाईक दारात आलं असताना त्याला परत पाठवणारा माणूस मी फार बघितलेला नाही. त्यामुळे रागही आला आणि बसून चार प्रश्न विचारावेसेही वाटले.

मी विचारलं, गोल्डियन उत्तर ऑस्ट्रेलियातली ना? तिकडेही नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतोच, मग कोकणातला पाऊस तिला का सोसू नये? त्यावर त्याचं म्हणणं असं: तिकडे पाऊस पडला तरी पक्षी मोकळा असतो, उन्हात पंख वाळवतो, गवतावरचं ताजं बी खातो. आपल्याकडे तो ओल आलेल्या भिंतीला टेकलेल्या पिंजऱ्यात बसतो आणि बुरशी धरलेलं कांग (राळ्याचे दाणे) खातो. वर नवीन घर, नवीन माणसं. उकाड्याचं या पक्ष्याला काही वाटत नाही, गार ओलावा आणि वाऱ्याचा झोत मात्र बाधतो. पटलं. आमच्या घरी जुलैत पापडाच्या डब्यालाही ओल येते, दाण्यांचं काय घेऊन बसलात.

दुकान चिंचनाक्याच्या बाजूच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. पाटी लहान, तिच्यावरचा पोपट मोठा. पूर्वी ते खालीच होतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर त्याने बिऱ्हाड वर हलवलं. खाली आता स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. जिना लोखंडी, अरुंद, कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखत असतील तर खालून हाक मारा, पोरगा उतरून येतो. वर मात्र हवा खेळती आहे, समोरासमोर दोन खिडक्या आहेत आणि भिंतीवर दमटपणा मोजायचं यंत्र टांगलंय. पक्ष्यांच्या दुकानात शिरलं की नाकाला पदर लावावा लागतो, तसं इथे होत नाही. कुत्री-मांजरं ठेवलेली नाहीत. पुढच्या बाजूला माशांच्या दोन टाक्या, मागे सगळे फिंच.

ज्यांनी गोल्डियन कधी बघितलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चिमणीहून जरा लहान, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण 13-14 सेंटिमीटर. पाठ हिरवी, पोट पिवळंधमक, छाती जांभळी, गळ्यापाशी निळी कड. डोकं तीन प्रकारचं, काळं, लाल किंवा पिवळं. पिवळं म्हणतात, पण खरं तर ते नारिंगीच असतं. हे रंग कोणी पिंजऱ्यात तयार केलेले नाहीत, तिन्ही प्रकार जंगलात आहेत. तिथे काळ्या डोक्याचे सगळ्यांत जास्त, चारातले तीन धरा. उरलेले बहुतेक लाल, आणि पिवळा अगदी क्वचित. दुकानात उलटं, कारण गिऱ्हाईक लालच मागतं. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने 1844 मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं आणि बायकोचं, एलिझाबेथचं नाव त्याला दिलं. ती 1841 मध्येच वारली होती. त्याच्या पुस्तकांतली शेकडो पक्ष्यांची चित्रं तिच्या हातची. गूल्डवरून आलेलं हे नाव आपल्याकडचे विक्रेते नुसतं "गोल्डियन" असं घेतात, तेव्हा दुकानात तेच म्हणा.

आवाजाचं म्हणाल तर जवळजवळ नाहीच. नर मान उंचावून, छाती फुगवून जागच्या जागी उड्या मारतो, गातो, आणि ते गाणं कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही. लव्हबर्डच्या कलकलाटाने ज्यांच्या शेजाऱ्यांशी बोलाचाली झाल्यात त्यांना हे फार सोयीचं. माझ्या यजमानांची एकच अट होती, दुपारची झोप मोडता कामा नये. मोडलेली नाही.

आता दुकानाबद्दल, म्हणजे मुख्य मुद्द्याबद्दल. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने मला पूर्वी "डायरेक्ट ऑस्ट्रेलियाहून आलेला माल" म्हणून एक जोडी दाखवली होती, भावही तसाच लावला होता. ऑस्ट्रेलियाने स्वतःचे जंगली पक्षी विकायला बाहेर पाठवणं 1960 पासून बंद केलंय. आज जगभर पिंजऱ्यात दिसतात त्या गोल्डियन पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या आहेत. त्यांच्या स्वतःच्या देशात हा पक्षी कायद्याने संकटग्रस्त ठरवलेला आहे. या दुकानात पिंजऱ्यांवर खडूने लिहिलेलं असतं, कोणती जोडी कोल्हापूरकडच्या पालकाकडून आली, कोणती घरची पैदास. पायात बंद कडी असते. ही कडी पिल्लू काही दिवसांचं असतानाच चढवता येते, नंतर पाय मोठा होतो. म्हणजे पक्षी माणसाच्या हाताखाली जन्मला याचा तो पुरावा. कडीला जोड दिसला, ती उघडता-मिटता येत असली, तर तो पुरावा धरू नका. हे मला मालकाने स्वतःहून दाखवलं, मी विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये परत गेले. आता माणूस सुटलाच. अख्खी दुपार माझ्यासाठी काढली म्हणायला हरकत नाही. नर-मादी कशी ओळखायची, तर नराची छाती गडद जांभळी आणि मादीची फिकट, धुवून धुवून विटलेल्या साडीसारखी. मादी अंड्यांच्या तयारीत आली की तिची चोच काळपट होत जाते, नराची मोत्यासारखी पांढरी, टोकाला लाल. एका पिंजऱ्यावर "कच्चे" अशी पाटी होती. त्यात राखाडी-हिरवट, अगदी सामान्य दिसणारी पाखरं. ही पिल्लं. सगळे रंग यायला त्यांना काही महिने लागतात आणि पिसं बदलण्याचा तो काळ फार नाजूक असतो. भाव जवळजवळ निम्मा असतो म्हणून लोक ती मागतात, आणि हा त्यांना परावृत्त करत बसतो. माझ्यासमोर खेर्डीच्या एका मुलाला त्याने "पुढच्या महिन्यात ये, याच पाखरांना रंग चढलेला बघ आणि मग ने" म्हणून पाठवलं. मुलगा नाराज होऊन जिना उतरला.

नवीन आलेले पक्षी तो मागच्या खोलीत वेगळे ठेवतो. कारण विचारलं तर एक जिवंत पक्षी माझ्या कानाशी धरला. गोल्डियनच्या श्वासनळीत आणि हवेच्या पिशव्यांत एक बारीक किडा होतो. झालेला पक्षी तोंड उघडं ठेवून श्वास घेतो, शेपूट प्रत्येक श्वासाबरोबर खालीवर होते आणि रात्री शांततेत कान लावला तर टिक टिक ऐकू येते. माझ्या कानाशी धरलेला निरोगी होता, काही ऐकू आलं नाही, आणि "हे काही ऐकू न येणंच ऐकायचं असतं" असं तो म्हणाला. कुठल्याही दुकानातून कुठलाही फिंच घेताना एवढं जरूर करा. पक्ष्यांचा डॉक्टर आपल्या भागात सहज मिळत नाही, गुरांचे डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात की एवढ्याशा जिवाचं औषध मोजायचं कसं.

अंडी घालायची पेटी हा या दुकानाचा खरा माल आहे, असं माझं मत. झेब्रा फिंचला नारळाची करवंटी टांगा, वेताची टोपली लावा, तो संसार थाटतो. गोल्डियनचं तसं नाही. बहुतेक गवती फिंच गवताचं गोल घरटं विणतात, ही मात्र झाडाच्या ढोलीत अंडी घालते. तिच्या मुलुखात निलगिरीच्या जातीची झाडं असतात, वाळवीने आणि आगीने पोखरलेली, त्यांच्या ढोल्यांत. त्यामुळे हिला अंधार लागतो, खोली लागते. इथे प्लायवूडची पेटी मिळते, तीही दोन कप्प्यांची. पुढे छोटा ओटा, मागे खोल अंधारी खोली. स्थानिक सुताराकडून करून घेतात, साडेतीनशे रुपये. झाकण सरकतं, म्हणून आत बघता येतं.

आणि आत बघाच. पिल्लांच्या तोंडाच्या कोपऱ्यांत निळे चकचकीत मणी असतात. खरेच मण्यांसारखे उंचवटे. पुस्तकांत काही ठिकाणी ते अंधारात स्वतः प्रकाशतात असं लिहिलेलं असतं, तसं नाही, पडलेला थोडासा उजेड ते परत फेकतात. ढोलीच्या अंधारात आईबापांना चोच कुठे घालायची हे त्यावरून कळतं असं मानतात. टाळूवर काळे ठिपकेही असतात. माझ्याकडे फेब्रुवारीत पिल्लं निघाली तेव्हा पेटीचं झाकण किंचित सरकवून बघितलं. पाच उघडी तोंडं, कडेला निळे थेंब. नातीला व्हिडिओ कॉलवर दाखवायचा प्रयत्न केला तर तिला काहीच दिसलं नाही, आणि पक्षीण माझ्यावर रुसली ती वेगळीच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती विचारली नाहीत तर दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. गोल्डियनची पिल्लं पुष्कळ ठिकाणी बंगाली फिंचकडून वाढवून घेतात. गोल्डियन अंडी सोडून उठते, पिल्लं टाकते अशी तक्रार असते, बंगाली फिंच कोणाचंही पोर वाढवते. ही बंगाली फिंच म्हणजे चीन-जपानात माणसाने माणसाळवलेली पांढऱ्या पाठीची मुनिया. तीच जात आपल्या कोकणातल्या आंब्याकाजूच्या बागांतही रानात राहते. पण बंगालीच्या हाताखाली वाढलेली गोल्डियन पुढे स्वतःची पिल्लं नीट वाढवेल याची खात्री नाही, असं जुने पालक म्हणतात. म्हणून "आईबापांनी वाढवलेली जोडी आहे का?" हे स्पष्ट विचारा. मी विचारलं. मालकाने वहीत बघून दोन जोड्या वेगळ्या काढल्या, भाव पाचशेने जास्त सांगितला. मी साडेचार हजारांत आणली. रंगाचाही प्रश्न विचारा. लाल डोक्याची लालशी, काळ्याची काळ्याशी जोडी लावलेली बरी, भिन्न डोक्यांच्या जोडीत पिल्लं दगावतात आणि त्यातही माद्या जास्त, हे अभ्यासकांनी दाखवून दिलंय. दुकानातला पोरगा हे मानत नाही. तो म्हणतो, "मिक्स लावा मावशी, कलर येतो." त्याचं ऐकू नका, मालक येईपर्यंत थांबा.

दाण्यांबाबत दुकानाला मी कमी गुण देईन. पोत्यातलं मिश्रण बाजरीने भरलेलं असतं, कांग कमी, आणि पोती उघडी. पुरेसा खप आहे म्हणून माल जुना होत नाही एवढंच. नुसतं कांग आणि कॅनरी सीड वेगळं बांधून मागितलं तर देतात. मी तेच करते, आणि घरी वरी मिसळते. या पक्ष्याचं रानातलं मुख्य अन्न म्हणजे तिथली रानटी ज्वारी, आपल्या ज्वारीच्याच गणातलं गवत. पिल्लांना दुधावरचं कोवळं बी भरवतात. ज्वारी आपल्याकडे कुठली, पण ऑक्टोबरात भावाच्या वरकस जमिनीवरून नाचणीची हिरवी कणसं येतात, ती पिंजऱ्यात लटकवली की अख्खा दिवस चिपाड होईपर्यंत टोचत बसतात. दुकानात लाल रंगाचं "व्हिटॅमिन" बाटलीत मिळतं, लेबल नसलेलं. घेऊ नका. मालकाला तसं सांगितलं, तो हसला आणि बाटली काउंटरखाली गेली. पुढच्या वेळी पुन्हा वर होती.

समुद्रफेणही विकतात, पन्नास रुपयांना एक, प्लॅस्टिकच्या क्लिपसकट. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे विकत घेणं म्हणजे कमाल आहे. माकुलाच्या पाठीतलं ते हाड आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर वाऱ्यापावसानंतर फिरा, पिशवीभर मिळतं. दोनतीन दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मग कडक उन्हात वाळवा. अंड्यांच्या दिवसांत मादी ते किती खाते ते बघून थक्क व्हाल.

पिंजऱ्याबद्दल तक्रार आहे. दर्शनी भागात गोल, घुमटाचे, सोनेरी रंग दिलेले पिंजरे टांगलेत. दिसतात छान, पण फिंच हा आडवा उडणारा पक्षी, गोल पिंजऱ्यात तो नुसता वरखाली उड्या मारतो. आणि तो रंग चोचीने निघतो. हेच मी बोलले तर मालक म्हणाला, "लोक मागतात." जो माणूस जुलैत जोडी विकायला नकार देतो त्याने हे उत्तर द्यावं याचं मला आश्चर्य वाटलं. तीन फुटी लांबट पिंजरा आतल्या खोलीत आहे, सांगितल्यावर काढतात, बावीसशे रुपये. गजांमधलं अंतर अर्धा इंच आहे ना ते बघून घ्या.

एक प्रसंग मात्र मला आवडला. मी बसलेली असताना गाडीतून आलेलं एक जोडपं लाल मुनिया विचारत होतं, मुलाला वाढदिवसाला द्यायची होती. "नाही आणि असणारही नाही" असं उत्तर मिळालं. लाल मुनिया आपला रानपक्षी, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर भारतातल्या रानपक्ष्यांचा व्यापारच बंद आहे. तरी शहरातल्या बाजारांत मुनिया पिशवीत दडवून विकतात, काही ठिकाणी तर रंगवूनसुद्धा. जोडपं म्हणालं, अमुक ठिकाणी मिळते. मालक म्हणाला, "मिळते, तशी दारूही मिळते." मग त्यांना सांगत बसला की बघायचीच असेल तर पावसाळ्यात खाडीकाठच्या उंच गवतात सकाळी जा, नराला तेव्हाच तो लालभडक रंग आणि पांढरे ठिपके येतात, एरवी तो मादीसारखाच मळकट दिसतो. ते झेब्रा फिंचची जोडी घेऊन गेले. जावा स्पॅरो विचारणाऱ्यांनाही तो आधी नोंदणीचं सांगतो, कारण तो पक्षी सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या परदेशी व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. एवढी खबरदारी घेणारा माणूस बिल मात्र कच्च्या कागदावर देतो. पक्कं मागून घ्या, त्यावर कडीचा नंबर लिहायला लावा. लिहितो, कुरकुर न करता.

निळ्या पाठीच्या, पांढऱ्या छातीच्या, फिक्या पिवळ्या अशा पैदाशीत तयार केलेल्या जातीही आहेत, भाव दुप्पट-तिप्पट. मला त्यांचं आकर्षण नाही. तीन डोक्यांचा हा पक्षी निसर्गानेच एवढा रंगवलाय, त्यात आणखी काय घालायचं?

नेताना पुठ्ठ्याचा, भोकं पाडलेला खोका फुकट मिळतो. तो वरून फडक्याने झाकून एसटीत मांडीवर ठेवा, मागच्या सीटवर बसू नका, मार्गताम्हाण्याच्या वळणांवर फार आदळतं. मालक सांगतो तसं पहिले दोन दिवस पिंजरा हलवू नका आणि दाणे जमिनीवरही विखरून ठेवा. माझ्या जोडीने पहिल्या संध्याकाळी भांड्याकडे ढुंकून बघितलं नाही, खालचेच टिपले.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, नमाजाची वेळ आणि नंतर जेवण. रविवारी उघडं, पण गर्दी असते आणि तेव्हा काउंटरवर तो मिक्स लावा म्हणणारा पोरगा असतो. मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर मालक निवांत भेटतो. पाचपैकी चार तारे देते. गोल पिंजरे आणि ती लाल बाटली काढली तर पाचवाही देईन, तसं त्याला तोंडावर सांगून आले आहे.